रात्री आलेला पिणारा रुग्ण आणि सकाळची पाच मिनिटे

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: तालुक्याच्या रुग्णालयात तुम्ही दीड वर्षापासून अपघात विभागात रात्रपाळी करता, पिऊन पडलेले, मारामारीत डोके फुटलेले, गाडी घसरलेले लोक रोज येतात, तुम्ही टाके घालता, सलाईन लावता, सकाळी सोडता, आणि त्यातले काही चेहरे महिन्याभरात पुन्हा समोर उभे राहतात. अशा रुग्णाच्या दारूबद्दल अपघात विभागाने काही करावे का, केल्याने खरोखर फरक पडतो का, आणि इतक्या गर्दीत त्यासाठी वेळ कोठून आणायचा, हे तुमचे तीन प्रश्न आहेत.

जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयांत बावीस वर्षे हेच काम केल्यावर माझे उत्तर असे आहे की करायलाच हवे, फरक पडतो, पण तो सगळ्यांना सारखा पडत नाही, आणि त्यासाठी लागणारा वेळ रात्री नसतो, तो सकाळी असतो. रात्री बाराला आलेला माणूस आपले ऐकण्याच्या स्थितीत नसतो आणि आपणही बोलण्याच्या स्थितीत नसतो. सकाळी सहा-सातला, नशा उतरलेली, डोके ठणकणारे, हाताला पट्टी बांधलेली, अशा अवस्थेत तो चहाचा कप घेऊन खाटेवर बसलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपली पाळी बदलते. त्याला रात्री पाहिलेला डॉक्टर घरी जातो आणि त्याच्याविषयी काहीही माहीत नसलेला डॉक्टर सही करून त्याला सोडतो. माझ्या मते सगळे काम या फटीतून गळून जाते. ती फट कशी बुजवायची ते पुढे सांगतो, पण त्याआधी रात्रीच्या काही गोष्टी सांगणे भाग आहे, कारण रात्र नीट निभावली नाही तर सकाळच्या बोलण्याला अर्थ उरत नाही.

केसपेपरवर ‘स्मेल ऑफ अल्कोहोल’ असे लिहिले गेले की पुढची तपासणी सैल पडते, हा माझा सर्वांत जुना आणि सर्वांत दुःखद अनुभव आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्री अकराच्या सुमारास पोलिसांनी रस्त्यावरून उचलून आणलेल्या पन्नाशीच्या एका माणसाला आम्ही ‘सकाळपर्यंत उतरेल’ म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवर झोपू दिले. पहाटे चारला सिस्टरांच्या लक्षात आले की त्याच्या एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली आहे. कवटीच्या आत रक्त साचत होते, आणि त्याला मोठ्या रुग्णालयात हलवेपर्यंत उशीर झाला होता. तो प्यायला होता हे खरे होते, पण त्याच्या बेशुद्धीचे कारण दारू हे नव्हते. ती खाट आजही मला दिसते.

म्हणून दारूचा वास ही माहिती समजावी, निदान समजू नये. ग्लुकोमीटरने साखर पाहणे, डोक्यावर आणि कानामागे हात फिरवून जखम शोधणे, ताप पाहणे, आणि शुद्धीचा गुणांक दर तासाला लिहून ठेवणे एवढे प्रत्येकाचे झालेच पाहिजे. रक्तातल्या दारूचे प्रमाण ताशी १०० मिलीलिटरला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरते. त्यामुळे नुसत्या नशेत असलेला माणूस तासागणिक थोडा तरी शुद्धीवर यायलाच हवा. तो तसाच राहिला किंवा आणखी गळाला तर सिटी स्कॅनची सोय जिथे असेल तिथे त्याला पाठवायला सकाळची वाट पाहू नये. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू आक्रसलेला असतो आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावलेली असू शकते, त्यामुळे त्याला किरकोळ वाटणाऱ्या पडण्यातूनही कवटीत रक्तस्राव होतो. दिसायला अंधुक होणे, समोर बर्फ पडल्यासारखे भासणे आणि श्वास खोल व जलद होणे, असे एकाच वस्तीतल्या दोघांना जरी झाले तरी मेथॅनॉलची, म्हणजे दारूत मिसळलेल्या विषारी मद्यार्काची, शंका घेऊन लगेच वरिष्ठांना आणि पोलिसांना कळवावे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक लोक अशा दारूने दगावले, आणि हे विष पिणे व लक्षणे दिसणे यांत बारा ते चोवीस तासांचे अंतर असू शकते.

थायमिनविषयी, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाविषयी, एक वाक्य जास्त लिहितो, कारण ते औषध स्वस्त आहे आणि तरी विसरले जाते. जो माणूस जेवण सोडून पितो त्याला शिरेतून थायमिन मिळालेच पाहिजे; तोंडाने दिलेली गोळी त्याच्या आतड्यातून पुरेशी शोषली जात नाही. साखर खूप उतरली असेल तर ग्लुकोज थांबवू नये, दोन्ही बरोबरीने द्यावे. गोंधळलेपण, डोळ्यांच्या हालचालीतला दोष आणि तोल जाणे ही वर्निकेच्या आजाराची, म्हणजे थायमिनच्या अभावाने मेंदूला होणाऱ्या इजेची, तीन लक्षणे पुस्तकात एकत्र लिहिलेली असली तरी बहुतेक रुग्णांत ती एकत्र दिसत नाहीत. शंका आली तरी ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा शिरेतून सुरू करावे. चुकून दिले तर नुकसान नाही, चुकून राहिले तर त्या माणसाची स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

आता तिसऱ्या रात्रीबद्दल. मांडीचे हाड मोडून अस्थिरोग विभागात दाखल झालेला, दोन दिवस शांत असलेला माणूस तिसऱ्या रात्री अचानक सलाईन उपसतो, भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झाडू लागतो, घामाने भिजतो, आणि नातेवाईक ‘याला बाहेरचं काही लागलंय’ असे म्हणून अंगारा लावतात. ही दारू अचानक बंद झाल्याची लक्षणे असतात. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हाताची थरथर, घाम आणि बेचैनी सुरू होते, ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ९६ तासांत हा भ्रम उसळतो. उपचार झाला नाही तर तो जीव घेतो. पहिल्या दिवशी अपघात विभागात कोणीतरी ‘शेवटची कधी घेतली?’ एवढे विचारून केसपेपरवर तारीख-वेळ लिहिली असती तर हे आधीच रोखता आले असते. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यांपैकी एक शामक औषध लक्षणांच्या प्रमाणात द्यावे, यकृत खराब असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम निवडावे. दारू सुटल्याने येणारी फिट फेनिटॉइन या फिटच्या नेहमीच्या औषधाने टळत नाही, आणि आरडाओरडा थांबवण्यासाठी एकटे हॅलोपेरिडॉल देण्याची जी सवय सगळीकडे आहे ती फिट येण्याची शक्यता वाढवते.

हे सगळे इथे लिहिण्याचे कारण केवळ जीव वाचवणे एवढेच नाही. ज्याचे शरीर दारूवर अवलंबून झाले आहे त्याला ‘आजपासून एक थेंबही घ्यायचा नाही’ असे बजावून घरी पाठवणे धोक्याचे आहे, आणि आपण ते सद्हेतूने रोज करतो. त्यामुळे बोलण्याआधी आपल्यासमोर कोण आहे हे ओळखावे लागते. कधीतरी लग्नात, गटारीला किंवा पगाराच्या दिवशी जास्त पिऊन पडलेला तरुण वेगळा; आठवड्यातून चार-पाच दिवस घेणारा, कामावर खाडे करणारा, पण दोन दिवस न घेता राहू शकणारा वेगळा; आणि सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हायला घ्यावी लागते तो वेगळा. पहिल्या दोघांसाठी आपली पाच मिनिटे खूप काही करू शकतात. तिसऱ्याला सल्ल्याच्या आधी खाट आणि औषध लागते.

हे ओळखण्यासाठी मी एक प्रश्न आवर्जून विचारतो: ‘श्रावणात बंद असते का?’ आपल्याकडे सर्रास पिणारेही श्रावण पाळतात, आणि या प्रश्नात आरोप नसल्यामुळे उत्तर खरे मिळते. ‘हो, महिनाभर शिवत नाही’ असे म्हणणाऱ्याला मी लगेच विचारतो की पहिले तीन-चार दिवस कसे जातात. ‘काही नाही, जरा चुकल्यासारखं वाटतं’ असे उत्तर आले तर शरीर अजून पूर्ण अडकलेले नाही असा अंदाज बांधता येतो, आणि महिनाभर थांबू शकल्याचा त्याचा स्वतःचा दाखला पुढे बोलताना कामी येतो. ‘हात कापतात, झोप लागत नाही, एकदा फिट आली होती’ असे म्हणणारा माणूस तिसऱ्या प्रकारातला असतो. श्रावण लागल्यावर पहिल्या आठवड्यात फिट येऊन आलेले आणि माळ घातल्यावर चौथ्या दिवशी भ्रमात गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांचा निश्चय खरा होता, त्यांना फक्त आठवडाभराच्या औषधाची जोड कोणी दिली नव्हती.

‘दारू पिता का?’ हा प्रश्न मात्र विचारू नये. आपल्या भाषेत तो प्रश्न राहत नाही, चारचौघांत केलेला आरोप होतो, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असेच येते. ‘घेता का?’ असे विचारले की ‘कधीमधी’ येते, आणि ‘शेवटची कधी घेतली?’ असे विचारले की ‘काल संध्याकाळी’ येते. ‘किती?’ याचे उत्तर नेहमी ‘थोडीशी’ असते, म्हणून माप आपणच सुचवावे: ‘नव्वद की क्वार्टर? की त्याच्याही वर जाते?’ मोठा आकडा आधी आपल्या तोंडून गेला की त्याला आपला आकडा सांगायला संकोच वाटत नाही. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेली १८० मिलीलिटरची क्वार्टर म्हणजे साधारण ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क, आणि भारतात मोजणीसाठी वापरतात त्या १० ग्रॅमच्या मापाने सहा मापे होतात. ६५० मिलीलिटरची ८ टक्क्यांची कडक बिअरही चार मापांच्या घरात जाते. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्यांना हे ठाऊक नसते आणि सांगितले की ते खरोखर चकित होतात. हातभट्टीची तीव्रता बाटलीगणिक बदलते, तिथे ग्लास आणि रुपये विचारणे जास्त उपयोगाचे.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी चांगली आहे आणि तिचे पहिले तीन प्रश्न, म्हणजे किती वेळा, एका बैठकीत किती, आणि खूप जास्त किती वेळा, अपघात विभागात पुरतात. पण आपल्या कामासाठी सर्वांत मोलाचा प्रश्न मला लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातून आलेल्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पॅडिंग्टन चाचणीत सापडला. पडणे, डोक्याला मार, मारामारी, पोटदुखी, छातीत धडधड, पुन्हा पुन्हा येणे अशा ठरावीक तक्रारी असलेल्यांनाच ती विचारतात, आणि तिच्यात रुग्णालाच विचारले जाते की आज इथे यावे लागले त्यात दारूचा काही भाग आहे असे तुम्हाला वाटते का. हे विचारून गप्प बसावे. मधे सिस्टर बोलवतील, फोन वाजेल, तरी थांबावे. तो जे वाक्य बोलेल ते आपल्या कुठल्याही उपदेशापेक्षा जड असते, कारण ते त्याचे असते.

सकाळचे बोलणे मी साधारण असे करतो. खुर्ची ओढून त्याच्या पातळीवर बसतो, नातेवाइकांना चहाला पाठवतो. ‘दादा, रात्री टाके घालताना बोलणं राहिलं. आता जरा बरं वाटतंय का? दोन मिनिटं तुमच्या घेण्याबद्दल बोललं तर चालेल?’ परवानगी मागितल्याने फार फरक पडतो; नाही म्हणणारे थोडेच असतात, आणि जे म्हणतात त्यांना मी कागद देऊन ‘पुन्हा वाटलं तर या’ एवढेच सांगतो. मग जे समोर दिसते तेवढेच सांगतो: कपाळाला सात टाके, सहा महिन्यांत दुसरी खेप, यकृताच्या तपासणीतला वाढलेला आकडा. त्यानंतर विचारतो की घेण्यात त्यांना काय बरे वाटते. या प्रश्नाने ते गोंधळतात, कारण डॉक्टरने असे विचारावे अशी त्यांची अपेक्षा नसते. अंगदुखी थांबते, झोप लागते, कर्जाचा विचार येत नाही, असे ते सांगतात आणि त्या उत्तरात कामाची खरी जागा दिसते. मग ‘आणि नको वाटतं असं काय?’ हेही विचारतो.

यानंतर परदेशातल्या पद्धतीत शून्य ते दहाची मोजपट्टी वापरतात. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला ती परकी वाटायची, म्हणून मी आणेवारी वापरू लागलो. ‘कमी करावी असं सोळा आण्यांत किती आणे वाटतं?’ ‘सहा आणे.’ ‘मग दोनच आणे का नाही म्हणालात?’ या उलट्या प्रश्नाला उत्तर देताना तो माणूस दारू कमी करण्याची कारणे स्वतःच मांडू लागतो: पोरगी दहावीला आहे, मालकाने शेवटची ताकीद दिली आहे, आई बोलत नाही. ‘इतके कमी का?’ असे विचारले तर तो न सोडण्याची कारणे मांडत बसतो. म्हणून प्रश्नाची दिशा चुकू देऊ नये. शेवटी त्याने स्वतः ठरवलेली एक छोटी गोष्ट केसपेपरवर त्याच्यासमोर लिहितो: कामावरून येताना दुसऱ्या रस्त्याने येणे, गाडी चालवायची असेल त्या दिवशी न घेणे, क्वार्टरऐवजी नव्वदवर थांबणे, बाजाराच्या दिवशी पैसे बायकोकडे ठेवणे. ज्याचे शरीर अडकले आहे त्याच्याशी मात्र कमी करण्याविषयी बोलत नाही. त्याला दाखल होऊन औषधाने सुरक्षितपणे सोडण्याविषयी बोलतो.

याचा उपयोग होतो का, हे तुम्ही विचारले आहे आणि उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. त्याच लंडनच्या रुग्णालयातल्या ५९९ रुग्णांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, समुपदेशकाकडे पाठवलेला गट सहा महिन्यांनी आठवड्याला सरासरी ५९.७ ब्रिटिश मापे (तिकडचे माप ८ ग्रॅमचे) पीत होता आणि फक्त पत्रक मिळालेला गट ८३.१. आपल्या हिशेबाने हे साधारण आठ क्वार्टर आणि अकरा क्वार्टर होतात. वर्षअखेर पिण्यातला हा फरक कमी झाला, पण पहिल्या गटातले लोक वर्षभरात अपघात विभागात सरासरी अर्ध्या खेपेने कमी आले. उलट इंग्लंडमधल्याच नऊ अपघात विभागांतल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, थोडक्यात दिलेला सल्ला किंवा लांबचे समुपदेशन हे पिण्याविषयीच्या प्रश्नांचा निकाल सांगून दिलेल्या साध्या पत्रकापेक्षा सरस ठरले नाही. काहींनी यावरून सगळे व्यर्थ असा अर्थ काढला. मी असा काढतो की विचारणे आणि उत्तर त्याला स्पष्ट सांगणे यातच बराच परिणाम आहे, त्यामुळे समुपदेशक नाही म्हणून काहीच न करण्याची सबब आपल्याला उरत नाही.

आपल्या अगदी शेजारचा पुरावा गोव्यातला आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेल्या आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत, मानसोपचाराचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण नसलेल्या पण नीट तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी, मागच्या १४ दिवसांत अजिबात न घेतलेल्यांचे प्रमाण त्या गटात ४२ टक्के होते आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात १८ टक्के. हे काम अपघात विभागातले नव्हते आणि पूर्णपणे अडकलेल्यांना त्यात घेतले नव्हते, हे लक्षात ठेवूनही मला त्यातून मोठे बळ मिळाले. आमच्याकडच्या एका अनुभवी सिस्टर आणि एका समाजसेवा अधीक्षकांना आम्ही त्यानंतरच या कामासाठी तयार केले, आणि त्या दोघांचे बोलणे माझ्यापेक्षा चांगले असते.

पोलिसांचा मुद्दा तुमच्या प्रश्नात नव्हता, पण महाराष्ट्रातल्या अपघात विभागात तो टाळता येत नाही. ज्या टेबलावर आपण उपचार करतो त्याच टेबलावर दारूबंदी कायद्याखाली वैद्यकीय तपासणी करून प्रमाणपत्र देतो, १९५९ च्या नियमांप्रमाणे रक्ताचा नमुना घेतो, आणि रुग्णाच्या नजरेत हे दोन्ही करणारा माणूस एकच असतो. मग तो आपल्याला खरे का सांगेल? मी शक्य तिथे दोन्ही कामे वेगळी करतो: प्रमाणपत्राची तपासणी एका डॉक्टरने, पोलिसांसमोर आणि नियमाप्रमाणे करावी, सकाळचे बोलणे दुसऱ्याने, पोलीस नसताना करावे आणि सुरुवातीलाच सांगावे की हे बोलणे उपचारासाठी आहे. नमुना घेताना कातडी स्पिरिटने पुसू नये, ही साधी गोष्ट अजून चुकते. आणि केसपेपरवर ‘दारुडा’, ‘क्रॉनिक अल्कोहोलिक’ असे शिक्के मारू नयेत. तोंडाला वास आहे, बोलणे स्पष्ट, चाल स्थिर किंवा अस्थिर, रुग्णाच्या सांगण्यानुसार शेवटची कधी व किती, एवढे जे पाहिले आणि ऐकले ते लिहावे. विम्याचा दावा अडेल म्हणून नातेवाईक काही न लिहिण्याची विनवणी करतात. त्यांची चिंता खरी असते, पण नोंद लपवणे आपल्या हातात नाही. अचूक लिहिणे आणि अनाठायी विशेषण न लावणे आपल्या हातात आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या गैरवापराशी संबंधित स्थिती मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात आणि त्याच कायद्यात गोपनीयतेचा हक्कही आहे, हे सगळ्या कर्मचाऱ्यांना माहीत असावे.

नातेवाईक दोन गोष्टी हमखास मागतात. ‘डॉक्टर, तुम्ही जरा दमात घ्या त्याला’ ही पहिली. दमात घेतलेला माणूस मान खाली घालून हो म्हणतो आणि त्या दिवशी संध्याकाळी जास्त पितो. दुसरी मागणी भाजीत कालवून द्यायच्या गोळीची असते. ती बहुधा डायसल्फिराम असते, आणि न सांगता दिलेल्या गोळीवर दारू घेतली की चेहरा लाल होऊन, रक्तदाब कोसळून माणूस मरू शकतो. अशी गोळी बाहेरून आणून दिली असल्याचे आढळले तर आईला किंवा पत्नीला न रागावता बसवून समजावावे. त्या हताश झालेल्या असतात, दुष्ट नसतात.

त्या पत्नीकडे पाहायलाही विसरू नका. ‘न्हाणीत पाय घसरला’ असे सांगणाऱ्या बाईच्या दंडावर बोटांचे वळ असतात आणि पिणारा माणूस बाहेर बाकावर बसलेला असतो. त्या रात्री दारूचा प्रश्न घेऊन आलेली रुग्ण ती असते. तिला एकटीला आत घेऊन विचारावे, घरी जाणे सुरक्षित आहे का हे विचारावे, १८१ हा महिला मदतवाहिनीचा क्रमांक सांगावा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राने रुग्णालयातूनच अशा बायकांना आधार देता येतो हे दाखवले आहे. स्वतः पिणाऱ्या बायकाही येतात. लाजेपोटी त्या विचारल्याशिवाय कधीच सांगत नाहीत आणि आपण विचारत नाही. तसेच, पिऊन फवारणीचे औषध घेतलेल्या माणसाने शुद्धीवर आल्यावर ‘रागात झालं’ म्हटले तरी मरण्याचा विचार अजून आहे का हे थेट विचारल्याशिवाय त्याला सोडू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या आणि घरच्यांच्या फोनमध्ये आपल्यासमोर नोंदवून घ्यावा.

आता पाठवायचे कोठे आणि फट बुजवायची कशी. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो, त्यामुळे ‘मानसोपचार विभागात दाखवा’ असा शेरा लिहिला म्हणजे तो जाईल हे गृहीत धरू नये. लंडनच्या त्या रुग्णालयाने हेही पाहिले होते की भेटीची तारीख जसजशी लांब पडते तशी येणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटते. म्हणून भेट त्याच दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशीची द्यावी, वेळ आणि खोलीचा क्रमांक लिहून द्यावा, आणि टाके काढण्याची तारीख हीच दुसऱ्या बोलण्याची तारीख ठेवावी; टाके काढायला सगळे येतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आपल्या तालुक्यात कोणत्या वारी येतात, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची जवळची मराठी सभा कोठे आणि किती वाजता भरते, हे स्वतः जाऊन पाहून यावे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करते आहे. अशा केंद्राशी एकदा बोलून ठेवले तर दाखल करण्यासाठी पाठवताना अडत नाही. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आहे.

सुरुवात करताना सगळ्यांना विचारायचे ठरवू नका, आठवड्यात दमाल. डोक्याला मार, मारामारी, दुचाकीवरून पडणे, फिट, रक्ताची उलटी आणि महिन्याभरात दुसऱ्यांदा आलेला, एवढ्यांचेच पहिले तीन महिने पाहा. रात्री केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ‘सकाळी बोलायचे’ असे लाल शाईने लिहा आणि पाळी सोपवताना त्या रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून सकाळच्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना सांगा, टेबलावर बसून सांगू नका. आमच्या रजिस्टरला पाच रकाने आहेत: शेवटची कधी, किती, थरथर किंवा फिटचा इतिहास, रुग्णाने स्वतः ठरवलेली गोष्ट, आणि पुढच्या भेटीची तारीख. पाचवा रकाना रिकामा असेल तर रुग्णाला सोडण्याच्या कागदावर सही करायची नाही, एवढा एकच नियम आम्ही कडक पाळतो.